दोन वादक, तीन आवाज

हेडफोन लावा बरं, कारण आजचा सगळा खेळ खालच्या सुरांचा आहे.

साल साधारण १७४०, शहर जर्मनीतलं लाइपझिग. योहान सेबास्टियन बाखच्या हातची एक सोनाटा या काळातली आहे. जी मेजर स्वरातली, वाद्यं दोनच: हार्पसिकॉर्ड आणि व्हायोला द गांबा.

इटालियनमध्ये 'गांबा' म्हणजे पाय. दोन पायांमध्ये धरून वाजवायचं हे वाद्य. दिसायला चेल्लोचं भावंड, पण तारा चार नाहीत, सहा किंवा सात. मानेवर बांधलेले पडदे, सतारीसारखे सरकवता येणारे. आणि गज धरायचा सारंगीसारखा, तळहात वर ठेवून.

त्या काळी कीबोर्डवाल्याला बहुतेकदा फक्त खालचा सूर आणि त्यावर आकडे लिहून मिळायचे. उजव्या हाताने काय भरायचं ते त्याने आयत्या वेळी ठरवायचं. थोडक्यात, साथ करायची. बाखने इथे उजव्या हाताचा सूर न् सूर लिहून दिला. म्हणजे गांबा एक आवाज, उजवा हात दुसरा, डावा हात तिसरा. हीच रचना दोन बासऱ्या आणि साथ अशा रूपातही मिळते. तिथल्या एका बासरीची जागा इथे उजव्या हाताने घेतली आहे. मग सांगा, यात साथीदार कोण? कुणीच नाही!

पुढे गांबा मागे पडला. त्याचा शेवटचा मोठा वादक मानला जाणारा कार्ल फ्रिडरिश आबेल १७८७ मध्ये लंडनला वारला. सोनाटा मात्र चेल्लो आणि पियानोकडे आली, आणि खरी पंचाईत इथेच झाली. हार्पसिकॉर्डची तार छेडली जाते, सूर लगेच विरतो, गांबाला मोकळी जागा मिळते. पियानोचा सूर भरदार, लांबणारा. चेल्लो त्याच्या दोन हातांच्या मधोमध सापडतो. पियानोवाला जोरात वाजवेल तर चेल्लो बुडतो. बिचकून हळू वाजवेल तर बाखने बरोबरीने लिहिलेली दुसरी चालच गायब!

चेल्लोवादक लिओनर्ड रोझ आणि पियानोवादक ग्लेन गूल्ड यांचं १९७० च्या दशकातलं रेकॉर्डिंग शोधा. मग गांबा-हार्पसिकॉर्डचं एखादं लावा. दोन्हीकडे एकदा फक्त कीबोर्डच्या उजव्या हातामागे जा. तो साथ करतोय की गप्पा मारतोय? तुम्हाला काय वाटलं ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!