स्टिकर रंग खात नाही

मुंबईच्या उपनगरांत जुनी गाडी घेणाऱ्याला एक मत हमखास ऐकायला मिळतं. मुलुंडला एलबीएस मार्गावर डेंटिंग-पेंटिंग करणारा ते सांगतो, बोरिवलीच्या सोसायटीत गाड्या धुणारा सांगतो, अंधेरीत गाड्यांचे व्यवहार जुळवणारा एजंटही सांगतो. मत असं: स्टिकर वर्षानुवर्षं राहिला की त्याचा डिंक रंग खातो, म्हणून तो काढायला थिनर आणि ब्लेडच लागतं, आणि एवढं करूनही अक्षरं दिसत राहिली तर दरवाजा रंगवून घेण्यावाचून इलाज नाही. ही तिन्ही विधानं चुकीची आहेत असं माझं म्हणणं आहे. त्यातलं तिसरं गिऱ्हाइकाच्या खिशाला आणि गाडीच्या किमतीला एकदमच चाट लावतं, म्हणून त्याचा समाचार जरा सविस्तर घ्यायला हवा.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू, कारण तो हवेतून आलेला नाही. टूरिस्ट परमिटवर पाच-सहा वर्षं धावलेली गाडी खाजगी होऊन विकायला येते. दारांवरचं रेडियम काढलेलं असतं, तरी तिरप्या उजेडात जुना फोन नंबर वाचता येतो. लाल किंवा निळ्या गाडीवर तर पट्टीची जागा गडद आणि भोवतालचा रंग फिका असा फरक लांबूनही दिसतो. रॉकेल चोळून हात दुखले तरी जो चिकटा हलत नाही, तो थिनरच्या एका फडक्यात निघाल्याचं कारागिराने स्वतः पाहिलेलं असतं. पाहिलेलं सगळं खरं आहे. त्यावरून काढलेलं अनुमान मात्र टिकत नाही.

आकृतीपासून सुरुवात करू. डिंकाने रंग खाल्ला असता तर स्टिकरखालचा रंग भोवतालच्या रंगापेक्षा खराब दिसायला हवा होता. प्रत्यक्षात बहुतेक वेळा उलटं असतं. स्टिकरखालचा रंग ताजा, गडद, गुळगुळीत असतो. उतरलेला असतो तो बाकीचा दरवाजा. उन्हातली अतिनील किरणं रंगद्रव्य फिकं करतात, त्यातही लाल आणि पिवळ्या छटांमधली सेंद्रिय रंगद्रव्यं लवकर हार मानतात. पांढऱ्या गाडीत रंग उडण्याचा प्रश्न कमी, कारण टायटॅनियम डायऑक्साइड फिकं पडत नाही. तिथे फरक पडतो तो पृष्ठभाग खरखरीत होण्यामुळे आणि मळामुळे. आणि उपनगरांत आणखी एक कारण आहे, ज्याकडे कोणी बघत नाही. सोसायटीतल्या गाडीवर रोज सकाळी एक ओलं फडकं फिरतं. तेच फडकं, तीच बादली, पाचवी-सहावी गाडी. मेट्रोच्या आणि पुनर्विकासाच्या बांधकामांची धूळ त्या फडक्यात असतेच. वर्षानुवर्षं हे झाल्यावर क्लिअर कोटवर बारीक चऱ्यांचं जाळं पडतं. स्टिकरखालच्या जागेला ते फडकं कधीच लागलेलं नसतं, म्हणून ती वेगळी चमकते. म्हणजे ज्याला आपण स्टिकरचा डाग म्हणतो, तो बऱ्याचदा स्टिकरने वाचवलेला रंग असतो.

तीन वेगळ्या गोष्टींना सरसकट ‘डाग’ म्हटल्यामुळे हा गोंधळ होतो. एक, निघता निघता तुटून राहिलेला स्टिकरचाच पातळ पापुद्रा. दोन, डिंकाचा थर. तीन, छटेतला फरक. ओळखायला बोट पुरतं. नख अडकलं तर पापुद्रा, बोट चिकटून ओढल्यासारखं झालं तर डिंक, आणि बोटाला काहीच लागत नसताना डोळ्यांना दिसत असेल तर तो छटेतला फरक. या तिसऱ्यावर जगातलं कुठलंही द्रावण चालत नाही, कारण तिथे काढण्यासारखं काही उरलेलंच नसतं. तरी लोक तिथेच थिनर ओतत राहतात, आणि मग जे नुकसान होतं ते स्टिकरच्या नावावर जातं.

आता डिंकाचा स्वभाव. 1920च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत दोन रंगांच्या गाड्यांची टूम होती. दुसरा रंग मारताना पहिला झाकण्यासाठी रंगारी कागद आणि चिकटपट्ट्या लावत, आणि त्या काढताना खालचा नवा रंग सोलून येई. थ्रीएम कंपनीत काम करणाऱ्या रिचर्ड ड्रू यांनी सेंट पॉलच्या एका गॅरेजमध्ये ही फजिती पाहिली आणि 1925 मध्ये मास्किंग टेप तयार केली. दाबल्याने चिकटणारी आणि ओढल्यावर रंगाला धक्का न लावता सुटणारी पट्टी अशी गाडीच्या रंगासाठीच जन्माला आली. गाडीवरचा आजचा स्टिकरही त्याच कुळातला. त्याचा डिंक रंगाशी रासायनिक गाठ बांधत नाही. तो अतिशय घट्ट द्रवासारखा पृष्ठभागाच्या बारीक खाचांत हळूहळू शिरतो आणि तिथे धरून राहतो. जुना झाल्यावर जास्त धरतो तो याच कारणाने: शिरायला त्याला भरपूर वेळ मिळालेला असतो.

या स्वभावातून काढण्याची रीतही निघते. असा डिंक झटक्याला कडक होतो आणि सावकाश ओढीला वाहतो. गारव्यात ठिसूळ, उबेत मऊ. जानेवारीच्या सकाळी स्टिकर खस्सकन ओढला तर वरचं प्लास्टिक तुटतं आणि डिंक मागे राहतो. जुन्या विनाइलमधलं मऊपणा देणारं द्रव्य उडून गेलेलं असल्यामुळे त्याचे कपचे पडतात, ते वेगळंच. त्यालाच एप्रिल-मेच्या दुपारी तासभर उन्हात ठेवा, किंवा घरातल्या हेअर ड्रायरने पत्रा हाताला चटका बसेल-न बसेल इतपत तापवा. मग एक कोपरा नखाने किंवा जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने उचला. तो वर न खेचता स्टिकरवरच उलटा दुमडा आणि पत्र्याला जवळजवळ समांतर, अगदी हळू ओढा. ओढीची रेघ कुठे पांढरट पडताना दिसली की थांबा आणि तिथे पुन्हा ऊब द्या. एक अक्षर निघायला मिनिट लागू दे. असा निघालेला स्टिकर पाठीवर आपला बराचसा डिंक घेऊन येतो आणि पुढचं निम्मं काम वाचतं. गॅरेजमधली हीट गन मात्र इथे नको. तिची हवा काही शे अंश सेल्सिअसपर्यंत जाते, आणि प्लास्टिकचा बंपर वाकायला तेवढी फार झाली.

उरलेल्या डिंकासाठी नियम नेमका उलटा: ऊन नको, सावली हवी. तापल्या पत्र्यावर कुठलंही द्रावण काम करण्याआधीच उडून जातं, मग माणूस जोर लावतो, आणि जोराने डिंक निघण्याऐवजी पसरतो. फडकं भिजवून त्या जागेवर ठेवून द्यायचं, पाच-दहा मिनिटं थांबायचं, डिंक फुगला की पुसून घ्यायचा. रॉकेलची नालस्ती मी करणार नाही. रबराच्या डिंकावर ते चांगलं चालतं आणि कंपनीच्या रंगाला सहसा काही करत नाही. त्याचा वास आणि तेलकटपणा साबणाच्या पाण्याने जातो. अ‍ॅक्रिलिकच्या डिंकावर ते मंद पडतं. तिथे मेडिकलच्या दुकानात मिळणारं निलगिरीचं तेल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल जास्त उपयोगी. पेट्रोल मात्र कोणीही, कधीही वापरू नये. त्याची वाफ शून्याच्या खूप खालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचते. पोडियमखालच्या बंद पार्किंगमध्ये पेट्रोलचं फडकं घेऊन बसणं म्हणजे शेजाऱ्यांच्या जिवाशी खेळ आहे.

थिनरवर माझा खरा आक्षेप आहे. कंपनीतून आलेल्या आजच्या गाडीचा क्लिअर कोट आतून गुंफलेला असतो. थिनरने तो विरघळत नाही, पण जास्त वेळ राहिलं तर फुगतो आणि निस्तेज होतो. हा सगळा थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाहूनही पातळ. पण जुनी गाडी कंपनीच्याच रंगात असेल याची खात्री कोण देणार? घाटकोपर-कुर्ल्याच्या वाहतुकीत घासलेला दरवाजा कधीतरी स्थानिक गॅरेजमध्ये रंगवलेला असतो. तो रंग नायट्रोसेल्युलोजचा असेल, तर थिनर हेच त्याचं मूळ द्रावण. फडक्यावर डिंकाबरोबर रंगही येतो, आणि कारागीर म्हणतो, बघा, स्टिकरने रंग खाल्ला होता. म्हणून काहीही लावण्याआधी त्याच दाराच्या खालच्या कडेला, न दिसणाऱ्या जागी थेंबभर लावून बघावं. हेडलाइट तर पॉलिकार्बोनेटचा असतो. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लागताच त्यात बारीक तडे जातात, आणि ते कुठल्याही पॉलिशने भरून निघत नाहीत.

ब्लेडबद्दल दोन्ही टोकांची मतं मला अमान्य आहेत. पत्र्यावर ब्लेड नकोच. पण साध्या काचेवर, साबणाचं पाणी भरपूर लावून, नवं ब्लेड सपाट धरलं तर ते उत्तम हत्यार आहे. कोविडच्या काळात, एप्रिल 2021 मध्ये, मुंबई पोलिसांनी अत्यावश्यक सेवेच्या गाड्यांसाठी लाल, हिरव्या आणि पिवळ्या गोल स्टिकरची पद्धत आणली आणि आठवड्याभरात मागे घेतली. ज्यांनी ते कागदावर छापून काचेला डकवले, त्यांना ओलं फडकं आणि ब्लेड पुरलं, कारण कागदातून पाणी आत शिरतं, विनाइलमधून शिरत नाही. मागच्या काचेची गोष्ट वेगळी. 27 एप्रिल 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोएंका खटल्यात गाड्यांच्या काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली आणि मे महिन्यापासून रस्त्यारस्त्यावर फिल्म उतरू लागल्या. मागच्या काचेच्या आतल्या बाजूला डिफॉगरच्या तारेसारख्या रेघा छापलेल्या असतात, त्या ब्लेडने तुटतात. एक रेघ तुटली की तिची पट्टी तापायची बंद होते आणि जुलैच्या पावसात काचेवर तेवढं धुकं कायम राहतं. तिथे साबणाच्या पाण्याने भिजवून, वर काळं प्लास्टिक अंथरून उन्हात फिल्म सैल करणं एवढाच मार्ग.

आता तिसरं विधान, दरवाजा रंगवण्याचं. छटेतला फरक कमी करायचा असेल तर फिक्या भागाला रबिंग-पॉलिश द्यावं लागतं, स्टिकरच्या जागेला नव्हे. खरखरीत झालेला वरचा थर किंचित निघाला की दोन्ही जागा जवळ येतात. क्लिअर कोट मोजकाच असल्यामुळे हे पुन्हा पुन्हा करता येत नाही. रंगद्रव्यच उडालेलं असेल तर फरक पूर्ण जाणार नाही, आणि तो तसाच राहू द्यावा असं मी स्पष्ट सांगेन. कारण दरवाजा रंगवला की थराची जाडी वाढते. कंपनीचा सगळा रंग मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन असतो. पुन्हा रंगवलेला पत्रा त्याच्या बराच वर जातो. आज जुन्या गाड्या तपासणारे लोक जाडी मोजायचं यंत्र घेऊनच येतात. चार दारांतलं एकच जाड निघालं की पुढचा गिऱ्हाईक अपघाताचा संशय धरतो आणि भाव पाडतो, मग तुम्ही कितीही सांगा की तिथे फक्त फोन नंबर होता. त्यात डिंक किंवा सिलिकॉनचं पॉलिश नीट न काढता रंग मारला असेल तर नव्या रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. पुसट आकृती असलेला मूळ दरवाजा हा गुळगुळीत नव्या दरवाज्यापेक्षा जास्त विश्वासाचा पुरावा आहे, आणि विकणाऱ्यानेही तो लपवण्याचं कारण नाही. गाडी टूरिस्टवर चालली होती हे परिवहन कार्यालयाच्या नोंदीत असतंच.

सफाईच्या भरात दोन स्टिकरांना हात लावू नये. समोरच्या काचेच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात आतून लावलेला, पेट्रोल-सीएनजीला फिका निळा आणि डिझेलला नारिंगी असा जो स्टिकर असतो, तो उच्च सुरक्षा नंबरप्लेटचा तिसरा भाग आहे. काढू गेलं तर तो फाटावा अशीच त्याची रचना आहे. जुन्या मालकाचा फास्टॅग मात्र त्याने आपल्या बँकेकडून बंद करून घेतल्यावरच काढावा. तोही फाटूनच निघतो आणि काचेवर चिकट चौकोन ठेवतो. त्याला रॉकेल, थिनर काही लागत नाही: साबणाचं पाणी, नवं ब्लेड आणि दहा मिनिटं.