नाशिकचे पहिले बिशप

सातपूरहून त्र्यंबक रस्त्याने शहरात जाता-येता शरणपूर हे नाव आपल्या कानांवरून नेहमी जाते. शरणपूर म्हणजे आश्रयाचे गाव. हे गाव कोणी वसविले आणि आश्रय कोणाला दिला, याची चौकशी मात्र आपण सहसा करीत नाही. आज आम्ही ज्यांच्याविषयी चार शब्द सांगणार आहोत, त्या बिशप फिलिप लॉइड यांच्या चरित्राचा उंबरठा हे गावच आहे. म्हणून आरंभ तेथूनच करू.

चर्च मिशनरी सोसायटी ही इंग्लंडमधील अँग्लिकन पंथाची संस्था सन १८३२ पासून नाशकात काम करू लागली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने शहराबाहेर शरणपूर वसविले. ख्रिस्ती झाल्यामुळे घरादाराला मुकलेली माणसे तेथे राहू लागली. गुलामांच्या गलबतांतून सोडविलेली आफ्रिकेतील मुलेही तेथे आली, लिहावाचावयास आणि हातचे धंदे शिकली. त्यांच्यापैकीच एक जेकब वेनराइट. सन १८७४ मध्ये डॉ. लिव्हिंग्स्टन यांचा देह लंडनला पोहोचविण्यास जो आफ्रिकन तरुण सोबत गेला, तो हाच. आमच्या गोदाकाठी शिकलेला मुलगा वेस्टमिन्स्टरच्या मंदिरात त्या थोर प्रवाशाच्या शवपेटीला खांदा देतो, ही गोष्ट नाशिककरांनी विसरू नये.

आता बिशप म्हणजे कोण, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. एकेका गावच्या मंडळीचा पाळक असतो. अशा अनेक मंडळ्या मिळून धर्मप्रांत होतो आणि त्याचा प्रमुख तो बिशप. नवे पाळक नेमून त्यांना दीक्षा देणे, बाप्तिस्मा झालेल्यांच्या मस्तकी हात ठेवून त्यांचे दृढीकरण करणे आणि गावोगाव फिरून मंडळ्यांची विचारपूस करणे, ही त्याची मुख्य कामे. मुंबईसाठी पहिला अँग्लिकन बिशप सन १८३७ मध्ये नेमला गेला. त्याच्यामागे इंग्लंडच्या सरकारची सनद होती. त्यामुळे बिशप म्हणजे कलेक्टर-कमिशनरांच्या पंगतीतला साहेब, अशी लोकांची समजूत झाली. ती अगदीच निराधार होती, असे आम्हांस म्हणवत नाही.

लॉइड यांचा जन्म सन १८८४ चा. ईटनची शाळा आणि केंब्रिजचे किंग्ज कॉलेज हा त्यांचा शिक्षणक्रम. इंग्लंडमध्ये मानाची जागा मिळविण्यास तो पुरेसा होता. परंतु पहिल्या महायुद्धाच्या काळात हे गृहस्थ येऊन पोहोचले ते नगर जिल्ह्यातील मिरी या खेड्यात. नगर जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण त्या मुलखाची पर्जन्याशी असलेली जुनी फारकत बदललेली नाही. तेथील ख्रिस्ती मंडळी बहुतांशी महार व मांग समाजातून आलेली. त्यांच्यात राहावयाचे तर मराठीवाचून गत्यंतर नाही, आणि तीही पुस्तकी मराठी नव्हे. ईटनचा विद्यार्थी येथे पुन्हा बिगरीत बसला, असे म्हटले तर वावगे होणार नाही. सन १९२५ मध्ये ते मुंबईचे साहाय्यक बिशप झाले आणि १९२९ मध्ये नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण होऊन त्याचे पहिले बिशप झाले.

येथे दोन तारखांकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. सन १९२७ च्या कायद्यान्वये हिंदुस्थानातील अँग्लिकन चर्चचा इंग्लंडच्या चर्चशी व सरकारशी असलेला कायदेशीर संबंध तुटला, तो १ मार्च १९३० रोजी. मुंबईचे बिशप पामर यांनी या स्वातंत्र्यासाठी पुष्कळ खटपट केली होती. आणि दुसऱ्याच दिवशी, २ मार्च १९३० रोजी, नाशकात काळाराम मंदिराच्या दारी डॉ. आंबेडकर व दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु नव्या बिशपाच्या डोक्यावरील सरकारी छत्र निघाले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याच्याच शहरात माणसाला देवाच्या दारी प्रवेश आहे की नाही, हा प्रश्न उभा राहिला, हा योग विलक्षण खरा.

हा प्रश्न केवळ हिंदूंना होता काय? तसे समजणे ही आपली फसवणूक होईल. धर्म पालटला म्हणून पाणवठा पालटत नसे. महारवाड्यातला ख्रिस्ती मनुष्य गावाच्या लेखी महारच राहिला. ख्रिस्ती मंडळींतही जुन्या जातींच्या भिंती अनेक ठिकाणी उभ्याच होत्या, हे डॉ. आंबेडकरांनी आपल्या लिखाणात परखडपणे दाखविले आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यास त्यांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा निरनिराळ्या धर्मांच्या पुढाऱ्यांच्या आशा पालवल्या. पण १९५६ मध्ये नागपुरास त्यांनी स्वीकारला तो बौद्ध धर्म. मिशनच्या शाळा आणि दवाखाने मोलाचे होते, तरी लोकांना हवा होता तो स्वाभिमान. तो दुसऱ्याने देऊन मिळत नाही.

मग लॉइड यांच्या पंधरा वर्षांच्या कामाचे मोल काय? आम्हांस वाटते ते असे. राज्यकर्त्यांच्या देशातून आलेला मनुष्य राज्यकर्त्यांच्या आधाराशिवाय खेड्यातल्या गरिबांचा पाळक होऊ शकतो काय, ही त्या पदाची कसोटी होती. मिरीचा अनुभव गाठीशी असलेला बिशप नाशिकला मिळाला, म्हणून या धर्मप्रांताचा पाया मराठी खेड्यात बसला. बाहेरून आलेला धर्म मराठीत किती रुजू शकतो, याची साक्ष त्याच सुमारास याच शहरात राहणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांनी दिली. त्या अमेरिकन मिशनच्या परंपरेतल्या. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली, आणि तिला परक्यांची म्हणण्याचे धाडस कोणा मराठी वाचकास झाले नाही.

सन १९४४ मध्ये लॉइड इंग्लंडला परतले आणि सेंट ऑल्बन्सचे बिशप झाले. १९५० पर्यंत ते त्या पदावर होते. १९५२ मध्ये त्यांचे देहावसान झाले. ज्या संत ऑल्बनच्या नावाने ते क्षेत्र ओळखले जाते, त्याने पळून आलेल्या एका धर्मगुरूस घरात आश्रय दिला आणि त्यापायी स्वतःचा प्राण गमावला, अशी तिकडची परंपरागत कथा आहे. शरणपुराहून निघालेला मनुष्य अखेर शरण देणाऱ्याच्याच गावी पोहोचला.

नाशिकचा धर्मप्रांत १९७० मध्ये उत्तर भारताच्या संयुक्त चर्चमध्ये सामील झाला आणि आजही चालू आहे. परंतु एक हिशेब अजून मिटलेला नाही. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात पुढे शिखांचा व बौद्धांचा समावेश झाला, पण ख्रिस्ती झालेल्या दलितांना त्या सवलती मिळत नाहीत. त्या द्याव्यात की नाही, याविषयी मतभेद आहेत. वाद करणाऱ्यांनी मात्र मिरीसारख्या खेड्यातला पाणवठा आधी डोळ्यांसमोर आणावा, एवढीच आमची विनंती.

सातपूरच्या कारखान्यांत आज गावोगावची माणसे पोटासाठी आली आहेत आणि येथलीच झाली आहेत. आलेल्यास आपलासा करणे हा या भूमीचा जुना गुण आहे. शरणपूर या नावाचा अर्थ याहून निराळा नाही.