शब्दवेध : शेल

शेल म्हणजे कवच. संगणकाच्या जगात हा शब्द आणला लुई पूझाँ या फ्रेंच संगणकतज्ज्ञांनी. १९६०च्या दशकात एमआयटीत असताना त्यांनी ‘रनकॉम’ नावाची सोय लिहिली. आज्ञा एका फाइलीत लिहायच्या आणि ओळीने चालवायच्या, एवढेच तिचे काम. पुढे मल्टिक्स प्रणालीची आखणी होताना आज्ञा वाचून पार पाडणाऱ्या बाहेरच्या थराला त्यांनी ‘शेल’ म्हटले. आतला गाभा तो कर्नेल, त्याभोवतीचे कवच ते शेल. बॅश या शेलच्या ‘बॅशआरसी’ या फाइलीच्या नावातले ‘आरसी’ म्हणजे त्याच रनकॉमची आद्याक्षरे.

१९९५ साली फिनलंडच्या तातू यलोनेन यांनी या शब्दामागे ‘सिक्युअर’ जोडले आणि एसएसएच जन्माला आले. त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्डची चोरी झाली होती, तिचे हे उत्तर.

आज पायथॉनमधली फॅब्रिक ही लायब्ररी एसएसएचवरूनच दूरच्या सर्व्हरला आज्ञा देते. तिथे ‘रन’ची प्रत्येक हाक नवे शेल उघडते आणि आज्ञा संपताच ते मिटते. म्हणून पहिल्या हाकेत ‘सीडी’ने फोल्डर बदलले, तरी दुसरी हाक पुन्हा होम फोल्डरातूनच सुरू होते. नव्याने शिकणारे हमखास इथे अडखळतात. तेव्हा एकमेकींवर अवलंबून असलेल्या आज्ञा एकाच हाकेत जोडून लिहा आणि शक्य तिथे फाइलीचा पूर्ण पत्ता द्या.