पहिली धार आणि पंचवीस अंडर प्रूफ

‘पहिल्या धारेचा’ हे विशेषण आपण विनोदाला लावतो, वक्त्याला लावतो, शिवीलाही लावतो. मुळात ते भट्टीवरचे आहे. मोहाचा सडवा तापला, की वाफ थंड होऊन जी पहिली धार पडते ती सर्वांत कडक. पुढे पाणी वाढत जाते आणि शेवटी जे पडते त्याला वास उरतो, जोर उरत नाही. अल्कोहोल ७८ अंशांना उकळते आणि पाणी १०० अंशांना, एवढेच त्यामागचे शास्त्र. पण पहिली धार कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली, हे ठरवायचे कोणी आणि कशाने? मंगरूळपीरला बसून आबकारीचा इतिहास वाचताना माझे मत बनत गेले, की दारूच्या पारखीचा सगळा झगडा या प्रश्नात आहे.

(जाता जाता: आमचा तालुका जुन्या वाशीम जिल्ह्यातला. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडून मंगरूळ अकोल्यात गेले आणि १९९८ मध्ये नव्या वाशीम जिल्ह्यात परतले. त्यामुळे इथला इतिहास शोधणाऱ्याला दोन जिल्ह्यांची नावे उलगडत बसावे लागते.)

मोहाची फुले चैत्राच्या आसपास पहाटे गळतात. वाळलेल्या फुलांत वजनाच्या निम्म्याहून अधिक साखर असते, म्हणून गूळ न घालताही ती पाण्यात काही दिवसांत आंबतात. मग मडक्यावर मडके, सांध्याला मातीचा लेप, खाली लाकडाची आच. या भट्टीला मापाचे यंत्र नव्हते, परीक्षा मात्र होत्या. बाटली हलवायची आणि बुडबुडे पाहायचे. मोठे येऊन चटकन फुटले तर माल कडक, बारीक होऊन रेंगाळले तर पाणी जास्त. चार थेंब तळहातावर चोळून हुंगायचे. निखाऱ्यावर थेंब टाकून ज्वाळ पाहायची. शेवटी जीभ.

यातली आगीची परीक्षा फार जुनी आहे. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त उसाच्या अर्काच्या कृती दिल्या आहेत. दोनदा गाळलेल्या अर्काला तो ‘दुआतशा’, म्हणजे दोन आगींचा, म्हणतो. हा अर्क हाताला लावून आगीजवळ धरला तर रंगीत ज्वाळा उठतात, पण हात भाजत नाही, असे तो नोंदवतो. इंग्लंडात हीच परीक्षा बंदुकीच्या दारूने होत असे, असे सांगतात. अर्क ओतलेली ती भुकटी पेटली तर माल ‘प्रूफ’, म्हणजे सिद्ध. मराठीत मात्र पेटवायची ‘दारू’ आणि प्यायची ‘दारू’ यांना शब्दच एक आहे, तेव्हा आपल्याला याचे नवल वाटू नये.

कराला ज्वाळ पुरत नाही, आकडा लागतो. १८१६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने बार्थोलोम्यू साईक्सच्या हायड्रोमीटरला कायद्याची मान्यता दिली. समान मापाच्या पाण्याच्या बारा-तेरांश वजनाचा अर्क तो प्रूफ, आजच्या भाषेत ५७.१ टक्के. जुन्या पद्धतीत कलाल मक्ता घेऊन आपल्या भट्टीवर दारू गाळी आणि सरकार मक्त्याचे पैसे घेई. दारू सरकारच्या नजरेखालच्या एका मोठ्या भट्टीत आणली आणि गॅलनला कर लावला, की प्रत्येक गॅलन किती कडक हे कळणे भाग पडले. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यामागे हाच हिशेब आहे. ठाणे-कुलाब्यात तर १८९२ च्या कायद्याने मोहाच्या फुलांवरच बंधन आणले. हायड्रोमीटर आला तशी कलालाची जीभ बेकायदा झाली, असे मी म्हणेन.

ब्रिटनने प्रूफ १९८० मध्ये सोडले. आपण सोडलेले नाही. भारतीय व्हिस्कीच्या बाटलीवरचे ४२.८ टक्के कुठून आले? प्रूफच्या पंचवीस अंश खाली, म्हणजे ५७.१ चे पाऊण. साईक्सचा आकडा आपण अजून पितो आहोत.

अमेरिकेत प्रूफ म्हणजे टक्क्याची दुप्पट. तिथली मक्याची बर्बन व्हिस्की (निदान ५१ टक्के मका, आतून जाळलेले नवे ओकचे पिंप) एकोणिसाव्या शतकात रंग आणि अर्क मिसळून सर्रास विकली जाई. १८९७ च्या ‘बॉटल्ड इन बाँड’ कायद्याने सरकारी शिक्क्याला चार अटी जोडल्या: एकच भट्टी, एकच हंगाम, गोदामात किमान चार वर्षे आणि १०० प्रूफ. तिथेही कर होताच. पण अंशासोबत भट्टीचे नावही लेबलवर आले. आपल्याकडे अंश आला आणि गाळणारा फरारी झाला.

आज छोट्या भट्ट्यांची बर्बन पिंपातून निघते तशी, पाणी न घालता, ६० टक्क्यांच्या वर बाटलीत भरतात. तिची पारख करणारे पहिला वास ग्लासपासून दूर, तोंड किंचित उघडे ठेवून घेतात, नाहीतर नाक बधिर होते. पहिला घोट जिभेला सवय लावण्यापुरता. मग थेंबथेंब पाणी घालत पाहतात, मका कुठे येतो, जळके लाकूड कुठे, गोडी किती टिकते. व्हिस्कीचे मिश्रण करणारे तर वास घेण्यासाठी माल २० टक्क्यांपर्यंत पातळ करतात. जळजळ हा गुण नव्हे, तो पडदा आहे. आणि सगळीकडचा जाणता गाळणारा धारेचा अगदी पहिला तोंडचा भाग बाजूला काढतो, कारण उग्र, लवकर उडणारी द्रव्ये त्यातच येतात. आपल्या वाक्प्रचाराने डोक्यावर घेतलेली धार ती ही!

जळजळीलाच जोर समजण्याच्या सवयीवर हातभट्टीचा धंदा चालतो. काळा गूळ, नवसागर, युरिया घातलेला माल जिभेला चावतो आणि पिणारा ‘कडक आहे’ म्हणतो. मोहाच्या फुलाचा धुरकट-गोड वास त्यात कुठला?

गोव्याने फेणीसाठी हे भान राखले. तिथे ‘ग्राव’ हे कडकपणाचे माप अजून भट्टीवाल्यांच्या तोंडी आहे. उर्राक साधारण चौदा-सोळा ग्राव, फेणी एकोणीस-वीस. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मोहाच्या दारूला मध्यप्रदेशाने अलीकडे ‘हेरिटेज’ म्हणून परवाना-धोरण दिले. महाराष्ट्राने २०२१ मध्ये फुले गोळा करण्या-वाहण्यावरची बंधने सैल केली. फूल मोकळे झाले, धार नाही.

आता हायड्रोमीटरविषयी. तो फक्त घनता मोजतो. इथेनॉलची घनता ०.७८९ आणि मिथेनॉलची ०.७९२, दोन्ही जवळजवळ एकच. बुडबुडेही फसतात. मिथेनॉल पेटतेही, फिकट निळ्या ज्वाळेने. अबुल फजलपासून साईक्सपर्यंतच्या सगळ्या परीक्षांतून ते पास होते. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. पोटात गेल्यावर त्याचे फॉर्मिक अॅसिड होते आणि डोळ्यांची नस जाते, पण ते बऱ्याच तासांनी. तोवर पिणारा घरी जाऊन झोपलेला असतो.