स्ट्रॉबेरीचा मुरंबा : ‘घरचं’ म्हणजे नेमकं काय?

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने मुरंब्यावर बोलायचं ठरवलं की ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर हसू येतं. येऊ द्या. ‘वस्तू बदलली तरी तीच राहते का’ हा आमच्या शास्त्रातला फार जुना प्रश्न आहे, आणि त्याचं उदाहरण म्हणून ग्रीकांनी जहाज घेतलं, नदी घेतली. मला विचाराल तर मुरंब्याची बरणी त्यांच्यापेक्षा सरस उदाहरण आहे. ती निदान फडताळात मावते.

आजचा प्रश्न मात्र त्याहून साधा आहे. थंडी पडली की महाबळेश्वर-पाचगणीच्या रस्त्यावर आणि पुण्या-मुंबईच्या दुकानांत बाटल्या दिसू लागतात. त्यांवर लिहिलेलं असतं ‘घरगुती स्ट्रॉबेरी जॅम’. हा शब्द वाचला की आपल्याला बरं वाटतं, दोन पैसे जास्तही देतो आपण. पण त्या बाटलीत घरचं नेमकं काय आहे? फळ, साखर आणि कृती, एवढ्या तीनच गोष्टी तर आहेत तिच्यात. तिघींचा पत्ता शोधू या.

त्याआधी थोडं शब्दाविषयी. मुरंबा म्हणजे ‘मुरलेला आंबा’ असं आपल्याकडे बरेच जण सांगतात. व्युत्पत्ती गोड आहे, पण खरी नाही. शब्द अरबी ‘मुरब्बा’वरून फारसीमार्गे आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ वाढवलेला, जोपासलेला. ‘तर्बियत’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल, म्हणजे मुलांना लावलेलं वळण. दोन्ही शब्द एकाच धातूचे. म्हणजे मुरंबा हे वळण लावलेलं फळ! आता गंमत बघा. आपल्याकडे चरकाने अन्नावरच्या प्रक्रियेला ‘संस्कार’ म्हटलं आहे, आणि संस्कार म्हणजे द्रव्यात मुळात नसलेला गुण आणणं, असा त्याचा खुलासा केला आहे. दोन वेगळ्या संस्कृती, पण स्वयंपाकासाठी आणि मुलं वाढवण्यासाठी दोघींनी एकच कल्पना वापरली. आणि आपल्या मराठीत ‘कुजणं’ आणि ‘मुरणं’ असे दोन वेगळे शब्द आहेत. दोन्ही काळाचीच कामं. पण एकात वस्तू हातची जाते, दुसऱ्यात ती हाताला येते. हा फरक आपोआप पडत नाही, कुणीतरी तो पाडावा लागतो.

आता फळाकडे येऊ. आज आपण खातो ती मोठी, रसाळ स्ट्रॉबेरी फारशी प्राचीन नाही. युरोपच्या रानात पूर्वीपासून नखाएवढी स्ट्रॉबेरी होती. मोठ्या फळाची जात दक्षिण अमेरिकेत, चिलीमध्ये, तिथले मापुचे लोक लावत असत. १७१२ साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईने फ्रेझिए नावाच्या एका लष्करी इंजिनिअरला तिकडे पाठवलं, स्पॅनिश किल्ल्यांची टेहळणी करायला. किल्ल्यांचे नकाशे त्याने आणलेच, शिवाय स्ट्रॉबेरीची रोपंही आणली. परतीचा प्रवास सहा महिन्यांचा, जहाजावर गोडं पाणी मोजून मिळणार. त्यातून पाच रोपं जगली. साल १७१४. त्या वेळी साताऱ्याच्या गादीवर शाहू महाराज होते आणि बाळाजी विश्वनाथ पेशवे होऊन वर्ष झालं होतं. म्हणजे हे फळ पेशवाईच्याच वयाचं म्हणायला हरकत नाही!

पण रोपांना फळं धरेनात. कारण फ्रेझिएने मोठी फळं बघून रोपं निवडली, आणि ती सगळी निघाली मादी. पुढे ब्रिटनीच्या किनाऱ्यावर उत्तर अमेरिकेतून आलेल्या व्हर्जिनिया स्ट्रॉबेरीच्या शेजारी ती लावली गेली, तेव्हा फळं धरली. त्या संकरातून आजची स्ट्रॉबेरी झाली. ही दोन अमेरिकी जातींची संतती आहे हे १७६६ साली द्युशेन नावाच्या फ्रेंच तरुणाने ओळखलं. वय वर्षं एकोणीस! थोडक्यात, उत्तर आणि दक्षिण अमेरिकेच्या दोन बहिणी युरोपात भेटल्या.

साताऱ्याच्या डोंगरावर ती इंग्रजांबरोबर आली. १८२८ च्या सुमारास गव्हर्नर माल्कम यांनी महाबळेश्वरला थंड हवेचं ठिकाण वसवायला घेतलं, साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ती जागा मिळवली, आणि पेठेला नाव पडलं माल्कम पेठ. तिथे एक तुरुंग होता, चिनी आणि मलायी कैद्यांचा. हे कैदी साहेबांच्या टेबलासाठी भाजीपाला पिकवत असत. १८६४ मध्ये तो तुरुंग बंद झाला. त्याच डोंगरावरच्या ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’ला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चिलीचं फळ, ब्रिटनीत झालेला संकर, इंग्रजांची हौस, आणि आज कायद्याने महाबळेश्वरचं! मला यात विसंगती दिसत नाही. तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या फळाला वळण लावलं, म्हणून ते त्यांचं झालं.

दुसरी गोष्ट साखर. इथे आपली मान ताठ होते, कारण शब्द आपला आहे. ‘शर्करा’वरून शक्कर, अरबीत सुक्कर, इंग्रजीत शुगर. ‘खंड’वरून फारसीत ‘कंद’, आणि तोच शब्द फुलाबरोबर घरी परत आला तो गुलकंद. युरोपात साखर गेली ती आधी औषधाच्या दुकानात. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनससारख्या मोठ्या तत्त्वज्ञाला प्रश्न पडला की पाकातली औषधी चाटणं खाल्ली तर उपवास मोडतो का? त्याने उत्तर दिलं, मोडत नाही, कारण ती पोट भरायला नव्हे तर पचनासाठी घेतात. आपल्या साबुदाण्याच्या खिचडीला असा वकील मिळायला हवा होता! १५५५ मध्ये ज्या पुस्तकात फळं साखरेत मुरवण्याच्या कृती छापल्या, त्याचा लेखक नोस्त्रदामस. होय, तोच भविष्यवाला, पण पेशाने वैद्यही होता. मुरंबा तेव्हा श्रीमंताघरचं औषध होतं.

तो गरिबाच्या पावावर कसा आला? साखर स्वस्त झाली म्हणून. आणि ती स्वस्त झाली कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांच्या कष्टांवर. आफ्रिकेतून माणसं बांधून आणायची आणि उसाच्या मळ्यात राबवून संपवायची, असा तो हिशेब होता. १७९१ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम फॉक्सने एक पत्रक काढलं आणि गुलामांनी पिकवलेली साखर सोडा असं आवाहन केलं. हजारो घरांनी ती सोडली. यात बायका पुढे होत्या. मताचा अधिकार त्यांना नव्हता, पण साखरेचा डबा त्यांच्या हातात होता. आपल्याकडे १९०५ च्या स्वदेशी चळवळीत परदेशी साखरेवर बहिष्कार पडला, त्याच्या शतकभर आधीची ही गोष्ट.

१८३३ मध्ये ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी कायद्याने संपवण्याचं ठरलं. मग ऊस कुणी तोडायचा? १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर बांधलेले मजूर मॉरिशसला जाऊ लागले. त्यांत कोकणातली मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात आणि त्या दिवशी देशाला सुट्टी असते. त्यांच्या घामाची साखर मुंबई बंदरात उतरे, आणि तिला आपल्याकडे नाव पडलं ‘मोरस’. मॉरिशसचं मोरस! जुन्या माणसांच्या तोंडी ‘मोरस साखर’ हा शब्द होता. त्यात आपलेच आजे-पणजे विरघळलेले होते, हे मात्र कुणी सांगितलं नाही. १८७४ मध्ये ब्रिटनने साखरेवरची जकात काढून टाकली, आणि पाव-जॅम हे तिथल्या गिरणी कामगाराचं रोजचं खाणं झालं.

मग स्वातंत्र्य आलं. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. साखर खरोखर आपली झाली. ही मोठी गोष्ट आहे, ती मी कमी लेखणार नाही. पण उसाचा गळीत हंगाम कधी असतो? साधारण दिवाळीनंतर सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत. आणि स्ट्रॉबेरीचा? जवळपास तोच. आपण घरात पातेलं चढवतो त्याच महिन्यांत बीडकडची जोडपी हातात कोयता घेऊन फडात उभी असतात, पोरं पाचटाच्या खोपीत. २०१९ मध्ये तिथल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात आला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. कामावर खाडा पडू नये, उचल फिटावी, म्हणून शरीराचा एक भागच काढून टाकायचा. ही मोरस नव्हे, ही आपली साखर.

आता तिसरी गोष्ट, कृती. इथे तरी घर सापडतं का पाहू. फळात पेक्टिन नावाचं द्रव्य असतं. १८२५ मध्ये ब्राकोनो या फ्रेंच रसायनज्ञाने त्याला हे नाव दिलं. पेक्टिन, आंबटपणा आणि साखर यांचं प्रमाण जमलं की रस धरतो. पेरू आणि कवठात पेक्टिन भरपूर, म्हणून त्यांची जेली झटकन होते. स्ट्रॉबेरीत ते कमी, त्यातही पूर्ण पिकलेल्या फळात आणखी कमी. म्हणून किलोभर फळात थोडी अर्धवट पिकलेली असू द्यावीत. त्यात पाऊण किलो साखर आणि दोन लिंबांचा रस घालून रात्रभर झाकून ठेवावं. साखर फळातलं पाणी ओढून घेते आणि फळ अख्खं राहतं. सकाळी पसरट पातेल्यात मोठ्या आचेवर, थोडं थोडं करून आटवावं. मंद आचेवर तासन्‌तास रटरटवलं तर तो लाल रंग तपकिरी होतो.

झालं कधी म्हणायचं? पुस्तकं सांगतात, १०४-१०५ अंशाला. पण तो आकडा समुद्रसपाटीचा आहे. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर, तिथे पाणीच ९५-९६ अंशाला उकळतं. पुस्तकावर विश्वास ठेवून १०४ ची वाट पाहाल तर गोळी पाक हातात येईल. खरा नियम असा की पाणी जिथे उकळतं त्याच्या वर चार-पाच अंश. किंवा थर्मामीटर सोडा, गार केलेल्या बशीत थेंब टाका आणि बोटाने ढकला. सुरकुती पडली की उतरवा. त्या वेळी पातेल्यात साखर साठ-पासष्ट टक्क्यांच्या घरात पोचलेली असते, पाण्यावर तिचा ताबा असतो आणि जंतूंना ते मिळत नाही. म्हणून फळ टिकतं.

कारखान्याचंही गणित ऐका. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांत जॅममध्ये फळ किमान ४५ टक्के लागतं. स्ट्रॉबेरी आणि रास्पबेरीला मात्र सवलत आहे, २५ टक्के पुरतं. आपण वर सांगितलेल्या घाण्यात फळ साखरेपेक्षा जास्त पडलं. बाटलीवर ‘घरगुती’ लिहिलेलं वाचण्यापेक्षा मागच्या बाजूचा हा आकडा वाचणं जास्त उपयोगाचं.

तर मग घरचं काय उरलं? फळ चिलीचं, साखरेचा शब्द आपला पण तिचा इतिहास परक्यांच्या आणि आपल्याच माणसांच्या घामाचा, पदार्थाचं नाव अरबी, शास्त्र फ्रेंच. मूळ शोधत गेलं तर घर कुठेच सापडत नाही. माझं म्हणणं असं, की ‘घरचं’ हे मूळ नाही, तो संस्कार आहे. बशीवर बोट फिरवून ज्याला कळतं की आता उतरवायचं, त्याचं ते घरचं. पण संस्काराला दुसरी बाजू असते. मूल वाढवलं म्हणणाऱ्याला त्याला कुणीकुणी वाढवलं हे ठाऊक असावं लागतं. फळाचा हिशेब आपण चोख ठेवतो, महाबळेश्वरचं की नाशिकचं ते विचारून घेतो. साखर कुणाच्या हातची, हे दुकानात विचारायची सोय नाही, आणि आपण ती मागितलीही नाही. १७९१ च्या त्या बायकांनी मागितली होती. साखर सोडा असं मी सांगत नाही, मी स्वतः सोडलेली नाही. पण ज्या माणसांमुळे आपल्या घरात वस्तू टिकतात त्यांचं आयुष्य टिकतं का, हा प्रश्न विधिमंडळापुरता सोडून चालणार नाही. उचल, आरोग्य, फडावरची शाळा या गोष्टी कारखान्याच्या सभासदांनी वार्षिक सभेत विचारण्यासारख्या आहेत, आणि आपल्यापैकी काही जण असे सभासद असतील.

यंदाच्या थंडीत किलोभर स्ट्रॉबेरी जरूर आणा. इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.