चेनसॉमध्ये पेट्रोल-ऑइलचं प्रमाण बदललं की कार्बोरेटरचं ट्यूनिंग का बिघडतं?

पावसाळा सुरू झाला की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात झाड पडल्याच्या बातम्या येतातच. कधी रिक्षावर फांदी, कधी सोसायटीच्या गेटवर अख्खं झाड. मग फायर ब्रिगेडची माणसं चेनसॉ घेऊन येतात आणि अर्ध्या-पाऊण तासात रस्ता मोकळा होतो. आता हेच मशीन बदलापूरच्या आसपासच्या शेतांवर आणि फार्महाऊसवरही दिसतं. ऑनलाइन ऑर्डर केलं की दोन-चार दिवसांत घरी. पण पहिल्याच सीझनमध्ये पिस्टन चिकटला, अशी तक्रारही तितकीच ऐकू येते. बऱ्याचदा दोष मशीनचा नसतो, पेट्रोलच्या कॅनमध्ये काय आणि किती ओतलं याचा असतो. चला तर, नीट समजून घेऊया.

पेट्रोलमध्ये ऑइल का घालायचं?

बहुतेक पेट्रोल चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक असतं. त्यात बाईकसारखा वेगळा इंजिन ऑइलचा साठा नसतो. पेट्रोलसोबत आलेलं ऑइलच पिस्टन, सिलिंडर आणि बेअरिंगला वंगण देतं. घरातल्या मोठ्यांना विचारा, जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरमध्ये पंपावर पेट्रोलबरोबर टू-टी ऑइल घालून घ्यायचे. तत्त्व तेच, फक्त चेनसॉ स्कूटरपेक्षा कितीतरी जास्त वेगाने फिरतो.

किती ऑइल? सोपा हिशोब

१ लिटर पेट्रोलसाठी:

- ५०:१ प्रमाण – २० मिली ऑइल
- ४०:१ प्रमाण – २५ मिली ऑइल
- २५:१ प्रमाण – ४० मिली ऑइल

कुठलं प्रमाण घ्यायचं हे मॅन्युअल ठरवतं. नामांकित कंपन्या चांगल्या ऑइलसोबत सहसा ५०:१ सांगतात, तर स्वस्त ५२-५८ सीसी मशीनसोबत अनेकदा २५:१ लिहिलेलं असतं. ऑइलच्या बाटलीवर ‘जासो एफडी’ किंवा निदान ‘एफसी’ ग्रेड आहे का ते बघा. बाईकचं फोर-स्ट्रोक इंजिन ऑइल अजिबात नको.

गंमत इथे आहे: जास्त ऑइल म्हणजे ‘लीन’

कार्बोरेटर हवा आणि इंधन मिसळतो. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं तर मिश्रण ‘लीन’, जास्त झालं तर ‘रिच’. अनेकांना वाटतं, ऑइल वाढवलं की मिश्रण रिच होतं. खरं तर उलट होतं. कार्बोरेटरच्या जेटमधून ठरावीकच द्रव जातो. त्यात ऑइलचा वाटा वाढला की पेट्रोलचा वाटा घटतो.

आकड्यात बघा. ५०:१ मध्ये एकूण मिश्रणाच्या सुमारे ९८ टक्के पेट्रोल असतं, २५:१ मध्ये सुमारे ९६ टक्के. म्हणजे फरक जेमतेम २ टक्के. एवढ्याने मशीन लगेच बंद पडत नाही, पण आधीच काठावर ट्यून केलेलं असेल तर फरक जाणवतो. म्हणून प्रमाण बदललं की ट्यूनिंग पुन्हा तपासायचं.

खरी चूक पुढे होते. ऑइल जास्त झालं, धूर आला, मग धूर कमी करायला स्क्रू आवळला. आता मिश्रण आणखी लीन झालं. मशीन जोरात पळतंय असं वाटतं, पण सिलिंडर तापतो आणि पिस्टन चिकटतो. ऑइल कमी घातलं तर वंगणच अपुरं पडतं, आणि ते कुठल्याही स्क्रूने भरून निघत नाही.

ई-२० पेट्रोलचं काय?

२०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट गाठलं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे ते जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलवर ट्यून केलेल्या मशीनमध्ये ई-२० घातलं तर मिश्रण साधारण ७-८ टक्के लीन होतं. ऑइलच्या प्रमाणापेक्षा हा फरक कितीतरी मोठा आहे! तुमच्या मशीनला किती इथेनॉल चालतं ते मॅन्युअलमध्ये आधी बघा.

दुसरा धोका ओलाव्याचा. इथेनॉल पाणी धरतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल-पाण्याचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. टाकीतला फिल्टरही तळाशीच असतो, म्हणजे इंजिनला जवळपास ऑइल नसलेला द्रव मिळतो. आपल्याकडच्या दमट हवेत मिक्स थोडंच बनवा, कॅन घट्ट बंद ठेवा आणि महिन्याभरात संपवा.

तीन स्क्रू, एक क्रम

आधी एअर फिल्टर साफ, चेन धारदार, मिक्स ताजं आणि इंजिन गरम. मगच स्क्रूला हात लावा.

१. एल स्क्रू: कमी वेगासाठी. रेस दिल्यावर इंजिन न अडखळता उचललं पाहिजे.
२. आयडल स्क्रू (टी किंवा एलए): इंजिन चालू राहावं, पण चेन फिरता कामा नये.
३. एच स्क्रू: पूर्ण वेगासाठी. उजवीकडे फिरवला की लीन, डावीकडे रिच. एका वेळी थोडासाच फिरवा.

एच बरोबर असेल तर लोड नसताना पूर्ण रेसला आवाज किंचित फाटल्यासारखा येतो आणि लाकडात घातल्यावर स्वच्छ होतो. सतत चिरका, टोकदार आवाज म्हणजे लीन, लगेच बंद करा. काही मशीनमध्ये वेग रोखणारा लिमिटर असतो, त्याचाही आवाज फाटल्यासारखाच येतो, तेव्हा फक्त कानावर विसंबू नका. ऑटोमॅटिक ट्यूनिंगच्या मशीनमध्ये (एम-ट्रॉनिक, ऑटोट्यून) हे स्क्रू फिरवायची गरज नसते.

मोबाईल वापरून आरपीएम मोजा

टू-स्ट्रोक सिंगल सिलिंडर इंजिन प्रत्येक फेरीला एकदा पेटतं. त्यामुळे साउंड स्पेक्ट्रम अॅपमध्ये इंजिनची मूळ फ्रिक्वेन्सी २०० हर्ट्झ दिसली तर २०० × ६० = १२,००० आरपीएम. मॅन्युअलमधल्या कमाल आकड्याशी ताडून बघा, त्याच्या वर गेलं तर एच स्क्रू डावीकडे. मोबाईल धरायला दुसरा माणूस लांब उभा करा.

जाता जाता

हेल्मेट, चष्मा, इअरमफ आणि पायाचं संरक्षण घातल्याशिवाय मशीन चालू करू नका. शहरात झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाड आपल्या आवारात असलं तरी. आणि वायरवर पडलेलं झाड असेल तर मशीन बाजूला ठेवा, आधी फायर ब्रिगेड आणि वीज कंपनीला फोन लावा.