आम्ल भूमीतील गोगलगायी : एका विचाराचा इतिहास

गोगलगायीचा शंख मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटाचा बनलेला असतो, आणि त्यासाठी लागणारा चुना तिला मातीतून व पालापाचोळ्यातून मिळवावा लागतो. म्हणूनच चुनखडीच्या प्रदेशात तिच्या जाती विपुल, तर आम्ल भूमीत विरळ आढळतात. ब्रिटनमधील भूचर मृदुकाय प्राण्यांच्या अधिवासांचे विवेचन ए. ई. बॉयकॉट ह्यांनी १९३४ मध्ये केले. व्यवसायाने ते विकृतिशास्त्रज्ञ होते. चुन्यावाचून ज्यांचे चालत नाही अशा अनेक जाती त्यांनी नोंदविल्या. चुना टाळणारी मात्र एकच आढळली, ती ‘झोनिटॉइडीस एक्सकॅव्हेटस’ होय.

अशा वर्गीकरणात आम्लता ही त्या स्थळाची प्रकृती ठरते. तिलाही इतिहास असू शकतो, हे त्यातून दिसत नाही. तो इतिहास नेदरलँड्समध्ये उघड झाला. तेथील निकस मातीच्या वनांत १९८० नंतर ‘ग्रेट टिट’ पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे सदोष होऊ लागली. याप ग्रावेलांड व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९४ मध्ये त्याची कारणपरंपरा मांडली : आम्ल पर्जन्याने मातीतील कॅल्शियम घटले, त्यामुळे गोगलगायी घटल्या, आणि अंड्यांच्या कवचासाठी शंख टिपणारे पक्षी त्यास मुकले. शंख व कोंबडीच्या अंड्यांची टरफले पुरविली असता हे दोष कमी झाले.

तात्पर्य, आम्ल भूमीतील जातींचे दारिद्र्य मूळचे की अलीकडे लादलेले, हा प्रश्न प्रथम विचारावयास हवा. पहिले निसर्गाची मर्यादा होय. दुसऱ्याचे उत्तरदायित्व मानवाकडे येते.